डिडी काँग रेसिंगमधला ताज: काही महिने खेळल्यावर

निन्टेन्डो ६४ वरच्या १९९७ च्या ‘डिडी काँग रेसिंग’ या शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये ताज हा निळा हत्ती आहे. तो जिन आहे, टिंबर नावाच्या वाघाच्या बेटावर राहतो आणि गाडी बदलण्यापासून आव्हान देण्यापर्यंत सगळं तोच पाहतो. बेटावर झेड बटणाने हॉर्न वाजवला की तो हजर होतो.

त्याचा खरा उपयोग सरावासाठी. अॅडव्हेंचर या मुख्य मोडमध्ये ‘डायनो डोमेन’ या जगातल्या पहिल्या तीन ट्रॅकवर कारच असते आणि हॉट टॉप व्होल्कॅनो या चौथ्या ट्रॅकला अचानक विमान हातात येतं. ‘शर्बत आयलंड’ या जगातल्या व्हेल बे ट्रॅकला हॉवरक्राफ्ट (हवेच्या गादीवर तरंगणारं वाहन) लागतं. या दोन्ही ठिकाणी अनेक जण अडकतात, कारण नव्या वाहनाचा हात बसण्याआधीच शर्यत सुरू होते. त्यापेक्षा ताजकडून ते वाहन आधीच घ्यावं आणि बेटावर मोकळेपणाने फिरवावं. इथे ना वेळ मोजली जाते, ना कुणी मागून क्षेपणास्त्र सोडतं.

हॉवरक्राफ्ट सर्वांत त्रासदायक. वळल्यावरही ते आधीच्याच दिशेला घसरत राहतं, त्यामुळे वळण डोळ्यांसमोर येईपर्यंत थांबलात तर बाहेर फेकले जाल. आधीच वळायला लागा, आर बटण दाबा, आणि स्टिक एका बाजूला दाबून धरण्याऐवजी थोडी थोडी ढकला. जुन्या कंट्रोलरची स्टिक झिजून सैल झाली असेल तर हा त्रास दुप्पट होतो. तेव्हा दोष स्वतःच्या हाताला देण्याआधी दुसरा कंट्रोलर लावून बघा. विमानात स्टिक मागे ओढली की नाक वर जातं, हे नवख्याला पटकन पचत नाही.

शर्यती जिंकून मिळणारे सोनेरी फुगे वाढत गेले की ताज तिन्ही वाहनांत शर्यतीचं आव्हान देतो. तो स्वतः उडत्या गालिच्यावर असतो. प्रत्येक विजयाला एक फुगा. फुगे एकूण ४७: २० ट्रॅकवर प्रत्येकी दोन, बेटावर लपलेले ४ आणि ताजचे ३. खेळातला खलनायक विझपिग याच्याशी शेवटची लढत सगळे ४७ हातात असल्याशिवाय होत नाही, म्हणून ताजला टाळून चालत नाही. उलट, एखाद्या ट्रॅकचं दार एक फुगा कमी पडल्याने बंद असेल तर दुसऱ्या ट्रॅकचा दुसरा फुगा मिळवायला चांदीची आठ नाणी पुन्हा पुन्हा गोळा करण्यापेक्षा ताजला हरवणं सोपं जातं.

खटकतं ते त्याचं रूप. भारतीय हत्ती, अरबी कथांतला जिन, उडता गालिचा आणि मुद्दाम ओढून काढलेला भारतीय उच्चार, सगळं एकाच पात्रात कोंबलंय. पूर्वेकडचं काहीही चालेल, अशा नजरेने त्या काळी पात्रं बनत, त्याचीच ही खूण. तरीही तो चेष्टेचा विषय होत नाही. बेटावरचा सर्वांत जाणता माणूस तोच आहे. इतर मदतनीस पात्रं सूचना देऊन गप्प होतात, हा स्वतः शर्यतीत उतरतो, आणि म्हणूनच पहिला फुगा मिळाल्यावरही त्याच्याकडे परत जावंसं वाटतं.