जोत्याची छपाई करणारे आमचे मिस्त्री: दोन पावसाळ्यानंतरचा अनुभव

मी हे मुद्दाम उशिरा लिहून राहिली. छपाई, म्हणजे भिंतीचं प्लास्टर, झाली की आठ दिवस कोणतीही चांगलीच दिसते, आमची पहिलीही दिसली होती, अन् त्याच वर्षी पोळ्याला बैल अंगणात आले तेव्हा जोत्याखाली पापुद्र्यांचा सडा पडलेला होता. म्हणून यावेळी ठरवलं की दोन पावसाळे जाऊ द्यायचे अन् मगच बोलायचं. आता दोन झाले, छपाई जागच्या जागी आहे, म्हणून लिहिते.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे खारपाणपट्टा. इकडच्या लोकांना सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती, बुलडाणा असा हा पट्टा आहे, विहिरीचं पाणी खारं अन् जमीन खोल काळी चिकट. उन्हाळ्यात जमिनीच्या भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो अन् पावसात तीच माती फुगून पायाला रेटा देते. भिंत खालून ओल ओढते, ओलीबरोबर खार वर येतो, ओल वाऱ्यानं उडून जाते अन् खार मागं राहतो, विटेच्या अन् छपाईच्या मधात त्याचे खडे बनतात अन् तेच छपाईला आतून ढकलून पाडतात. म्हणून आमच्याकडं जोत्याची छपाई हे दिसण्याचं काम नाही, घर टिकण्याचं काम आहे.

पहिलं काम एका ठेकेदारानं केलं होतं, दोन दिवसात उरकलं. खार आलेल्या विटांवरच माल थापला, सांधे कोरले नाहीत, माल मिसळायला विहिरीचं खारं पाणी वापरलं अन् "तराई दोन दिवस करा, बास" म्हणून निघून गेला (तराई म्हणजे छपाई पाण्यानं ओली ठेवणं). मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. पावसाळ्यात भिंतीवर बोटानं ठोकलं की डब डब असा पोकळ आवाज यायचा, पोळ्यानंतर तर पोराचा चेंडू लागला तरी खपली पडायची. 11,000 रुपये गेले अन् भिंत आधीपेक्षा खराब झाली, त्याचं मला अजून वाईट वाटते, कारण ते पैसे हरभऱ्याचे होते.

मग शेजारच्या गावातले हे मिस्त्री सापडले. साठीच्या आसपासचा माणूस, सोबत एक पुतण्या अन् एक रेजा, म्हणजे मजूर बाई. बघायला आले तेव्हा टेप काढायच्या आधी त्यांनी भिंतीवरचा पांढरा भुगा बोटावर घेतला, जिभेला लावला अन् म्हणाले, "वहिनी, हा खार हाय, चुना नाई. याच्यावर सोन्याची छपाई केली तरी पडते." मग पूर्ण भिंतीला करणीच्या मुठीनं ठोकत ठोकत घराला फेरी मारली, जिथं पोकळ वाजली तिथं कोळशानं फुली. तास दीड तास गेला यात. त्याच दिवशी मला वाटलं की हा माणूस वेगळा आहे.

कामाची सुरुवात खोदण्यापासून झाली. जोत्याच्या कडेनं फूटभर खोल माती काढायची, पण सगळ्या बाजूनं एकदम नाही, दहा-बारा फुटांचा एकच तुकडा उघडायचा, तेवढ्याचं काम करायचं, बुजवायचं अन् मग पुढचा. पाया एकदम उघडा पडला तर भिंतीचा आधार जातो म्हणे, अन् काळ्या मातीत तर मुळीच करू नये. जुनी पोकळ छपाई पूर्ण काढली. मग तारेच्या ब्रशनं विटा कोरड्याच घासल्या, मी पाणी मारायला गेली तर हात धरूनच थांबवल्यासारखं ओरडले, कारण पाणी मारलं की खार विरघळून पुन्हा विटेत शिरतो. तो भुगा झाडून गोणीत भरला अन् लांब नाल्याकडं नेऊन टाकायला लावला. विटांचे सांधे अर्धा इंच खोल, म्हणजे जवळपास 12 मिलिमीटर कोरून घेतले, दगडाच्या पायाचेही तसेच. जिथं दगड संपून वीट सुरू होते अन् जिथं कॉलम आहे तिथं कोंबडी जाळी खिळ्यांनी ठोकली, कारण दोन वेगळ्या वस्तू वेगवेगळ्या तापतात अन् तिथंच पहिला तडा जाते. कॉलमच्या गुळगुळीत काँक्रीटला टाचे मारले, म्हणजे खाचा पाडल्या. हे सगळं होईपर्यंत तीन दिवस झाले अन् एक घमेलंही माल लागला नव्हता, आमचे हे तर रोज संध्याकाळी विचारून राहिले होते की काम सुरू केव्हा होणार.

पाण्यावरून थोडी बोलाचाली झाली. मिस्त्रींचं म्हणणं, माल मिसळायला, भिंत भिजवायला अन् तराईला फक्त गोडं पाणी, शहानूर धरणाचं, नळाला येते ते. आमच्याकडं नळ रोज येत नाही, त्यामुळं सासूबाई म्हणाल्या की प्यायचं पाणी भिंतीला पाजायचं का. मिस्त्री त्यांच्यासमोर ओसरीत बसले अन् शांतपणे म्हणाले, "माय, खारं पाणी मारलं तर आपणच भिंतीत मीठ भरून राहिलो ना." मग आम्ही 2 ड्रम फक्त कामासाठी बाजूला भरून ठेवले. ज्यांच्याकडं गोडं पाणी आहे त्यांना हे महत्त्वाचं वाटणार नाही, पण आमच्या पट्ट्यात मला वाटते अर्ध्या छपाया याच्यामुळंच जातात.

रेतीचंही तसंच. पहिली आलेली ट्रॉली त्यांनी मूठभर घेऊन दाबून बघितली, तळहातावर चिखल राहिला, मग काचेच्या बाटलीत रेती अन् पाणी घालून हलवून ठेवली, थोड्या वेळानं रेतीवर मातीचा चांगला जाड थर बसला. ट्रॉली परत पाठवली. दुसरी आली ती चाळून घेतली. सिमेंट राखेचं, म्हणजे पीपीसी घेतलं. दुकानदार 53 ग्रेडचं साधं, बिनराखेचं सिमेंटच घ्या म्हणत होता, मिस्त्री म्हणाले खारट जमिनीत राखेचं जास्त बरं, फक्त तराई जास्त दिवस लागते.

आता प्रत्यक्ष छपाई. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवली, सकाळी हात लावला तर गार लागायची पण पाणी ओघळत नव्हतं. आधी पातळ सिमेंट-रेतीचा माल करणीनं झटका देऊन भिंतीवर फेकला, पूर्ण भिंत खरबरीत झाली, माझ्या हाताला काट्यासारखी लागायची. हे पहिल्या ठेकेदारानं केलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहिला हात, साधारण अर्धा इंच, एकाला चार माल, मोजून, फावड्याच्या अंदाजानं नाही. एका गोणीला सव्वा घनफूट धरायचं अन् रेती पाच घनफूट, त्यासाठी त्यांनी लाकडी फर्मा आणला होता. वॉटरप्रूफिंगची बाटली गोणीमागं 200 मिली, तीही आधी पाण्यात मिसळून मग मालात, मालावर वरून ओतायची नाही. माल एकावेळी थोडाच कालवायचे अन् अर्ध्या-पाऊण तासात संपवायचे, उरला तर त्यात पुन्हा पाणी घालून वापरला नाही, टाकून दिला. पुतण्या एकदा पाणी घालायला गेला तर लय बोलले त्याला. पहिल्या हातावर खिळ्यांच्या फळीनं आडव्या रेघा ओढल्या, मग दोन दिवस ओली ठेवून दुसरा हात, पाट्यानं सरळ केला अन् लाकडी रंध्यानं घासला. वरून नुसत्या सिमेंटचा हात फिरवू दिला नाही, मला चकचकीत हवं होतं, ते म्हणाले चकचकीत थराला बारीक बारीक तडे जातात. वरची कड आडवी न ठेवता बाहेर उतार दिला, पाणी तिथं बसू नये म्हणून.

एकाला चारपेक्षा तगडा माल का नाही, हे मी विचारलं होतं, कारण मला वाटायचं जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबूत. ते म्हणाले जास्त सिमेंटचा माल वाळताना जास्त आकसते अन् तडकते. हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

तराई माझ्याकडं होती. 10 दिवस, सकाळ दुपार संध्याकाळ, गोणपाट ओले करून जोत्याला टेकवून ठेवायचे, फाल्गुनातलं ऊन होतं, दुपारी दोनला बघावं तर गोणपाट कोरडे ठणठणीत. पश्चिमेच्या भिंतीला चार वेळा पाणी लागायचं. ज्या दिवशी लग्नाला गेलो त्या दिवशी शेजारच्या ताईला सांगून गेलो. छपाई वाळल्यावर मातीखाली जाणाऱ्या फूटभर भागाला काळा डांबरी रंग दोन हात, अन् मग मुरूम टाकून ठोकून बुजवलं.

बाटलीबद्दल वेगळं सांगते कारण दुकानात सगळे तेच विकून राहिले. बाटलीनं काम होत नाही असं नाही, पण या सगळ्या कामात ती दीड लिटर होती. खार घासला नसता, सांधे कोरले नसते, तराई केली नसती तर त्या दीड लिटरनं काही वाचलं नसतं.

आता जे पटलं नाही ते. एक तर वेळ. 6 दिवसाचं काम म्हणाले होते, 11 दिवस लागले, मधात लग्नसराई आली अन् 3 दिवस फोनच लागला नाही, उघडा केलेला तुकडा तसाच होता अन् मला रात्रभर काळजी, अवकाळी आला असता तर? हे त्यांना मी तोंडावर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. दुसरं, नैर्ऋत्य कोपऱ्यात केसाएवढा तडा आहे, पहिल्या उन्हाळ्यात गेला, तेवढाच आहे, वाढला नाही. ठोकून बघितलं, पोकळ वाजत नाही.

अन् एक गोष्ट लोकांनी समजून घ्यावी म्हणून लिहिते. देवघराच्या भिंतीला आतून अजून वीतभर ओल दिसते. मिस्त्रींनी काम घेतानाच सांगितलं होतं, "वहिनी, बाजूनं येते थे थांबते. खालून चढते थे या छपाईनं थांबत नाई." आमच्या घराला जोत्यावर डीपीसीचा, म्हणजे ओल वर चढू न देणारा, थर नाही, जुनं धाब्याचं घर पाडून त्याच पायावर बांधलं तेव्हा कोणाच्या लक्षातच आलं नाही. त्याला वेगळा इलाज लागतो. पण पावसाचे शिंतोडे, अंगणातलं साचलेलं पाणी, मातीतून बाजूनं येणारी ओल, हे बंद झालं, आतली ओल आधी खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत जायची.

खर्च विचारतील म्हणून. आमच्या घराचा घेर 110 फूट, उंची जमिनीखालचा फूट धरून साडेतीन, म्हणजे 385 चौरस फूट. 8 गोण्या सिमेंट, अर्धा ब्रास रेती, जाळी, बाटली, डांबरी रंग अन् तिघांची मजुरी धरून साधारण 19,000. मजुरी त्यांनी रोजानं घेतली, फुटावर नाही, अन् प्रत्यक्ष जितके दिवस आले तितक्याचीच. फुटावर दिलं की माणूस घाई करते असं त्यांचंच म्हणणं. मला महाग नाही वाटलं. तोडायची छपाई अन् करायची छपाई मिळून दोनदा पैसे देणं महाग पडते.

त्यांनी एक काम मागं लागून करायला लावलं होतं, जोत्याभोवती अडीच फुटांची काँक्रीटची पट्टी, घरापासून बाहेर उतार असलेली, अन् भिंत अन् पट्टीच्या मधात बोटभर फट ठेवून त्यात डांबर भरायचं, म्हणजे माती फुगून पट्टी हलली तरी छपाईला धक्का लागत नाही. तीन बाजू आम्ही केल्या. नळाची बाजू पैशापायी राहिली, अन् बघा, पूर्ण घरात खालची कड थोडी मऊ पडली ती तिथंच, हातभर जागा. नखानं कोरली तर रेती सुटते.

या दिवाळीला ते येऊन बघून गेले, तेवढा तुकडा काढून पुन्हा करून देतो म्हणाले, मजुरी घेणार नाही म्हणाले, मी म्हटलं दादा मजुरी घ्यावीच लागेल. पट्टीही आता करून टाकतो आम्ही. माघात यायचं ठरलं आहे, गोणपाट धुऊन माळ्यावर ठेवलेत अन् एक ड्रम आतापासूनच गोड्या पाण्यासाठी रिकामा केला आहे.