हँडलबारवरचे ‘बार मिट’: चार महिन्यांच्या थंडीनंतरचा अनुभव

माझे कामाचे ठिकाण घरापासून ९ किलोमीटरवर आहे आणि हे अंतर मी बाराही महिने सायकलने कापतो. गेले चार महिने सकाळचे तापमान बहुधा उणे ५ ते ५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान होते. या काळात मी हँडलबारवर कायम बसवून ठेवायचे, निओप्रीन या कृत्रिम रबराचे ‘बार मिट’ वापरले. ही मोठ्या पिशवीसारखी आवरणे असतात. मूठ, ब्रेकचा लिव्हर आणि गिअरचा खटका हे सगळे त्यांच्या आत राहते आणि आपण बाहेरून त्यात हात घालतो.

थंडीतल्या सायकलस्वाराचा खर्च सहसा जॅकेटवर होतो, आणि माझाही झाला होता. प्रत्यक्षात पहिल्या दहा मिनिटांनंतर धड आपोआप तापते, कारण पाय सतत काम करत असतात. हात मात्र जागचे न हलता वारा झेलत राहतात. बाहेर वारा अजिबात नसला तरी ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला शून्य अंशाची हवा उणे ५ अंशांसारखी लागते. त्यातच शरीर आतली उष्णता राखण्यासाठी बोटांकडचा रक्तपुरवठा कमी करते. जाड हातमोज्यांनी हा त्रास थोडा कमी होत असे, पण ब्रेक किती दाबला जात आहे याचा अंदाज येईनासा होई, आणि निसरड्या रस्त्यावर नेमकी त्याच अंदाजाची सर्वाधिक गरज असते.

बार मिटांनी हा पेच सोडवला. शून्याच्या वर मी उघड्या हातांनी सायकल चालवली आणि त्याखाली आत पातळ लोकरी हातमोजे घातले. बोटे बधिर झाल्याचा प्रसंग संपूर्ण हिवाळ्यात दोनदाच आला. वळण्यासाठी हात दाखवून झाल्यावर पिशवीचे तोंड पुन्हा सापडत नसे, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मी वैतागलो होतो. इशारा थोडा आधी देण्याची सवय लागल्यावर ती अडचण उरली नाही. पडताना हात अडकेल ही भीतीही होती. एका पुलावर, जिथे खालूनही वारा लागत असल्याने रस्त्याच्या इतर भागांपेक्षा आधी बर्फ धरतो, माझे पुढचे चाक सरकले, तेव्हा हात सहज बाहेर आला. अर्थात एका घसरण्यावरून मी कोणाला हमी देणार नाही. घंटी आवरणाखाली दडपली गेली आणि तिला हँडलच्या मध्यभागी हलवावे लागले, हे मात्र विकत घेण्यापूर्वी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

खरी तक्रार ओलाव्याची आहे. उघड्यावर उभ्या केलेल्या सायकलीच्या मिटांमध्ये पावसाचे पाणी शिरते, अस्तर लवकर वाळत नाही आणि रात्री पारा उतरला तर सकाळी आपण अक्षरशः बर्फात हात घालतो. आता मी सायकल उभी करताना मिटांची तोंडे आत दुमडून त्यांवर पिशवी बांधतो. तापमान ८ अंशांच्या वर गेले की तळवे घामेजतात, म्हणून ऋतू पालटताना ते काढून ठेवलेले बरे.

हात उबदार राहिल्यामुळे बाकीच्या उणिवा अधिक जाणवल्या. घट्ट बुटांत दोन जोड्या मोजे घातल्याने रक्तप्रवाह दबून पाय उलट जास्त गारठले. एक जाड जोडी आणि अर्धा माप मोठा बूट हा उपाय लागू पडला. एकदा ब्रेकच्या केबलच्या बाह्य आवरणात शिरलेले पाणी गोठले आणि लिव्हर दाबूनही मागचा ब्रेक लागेना, तेव्हा केबल आवरणासह बदलावी लागली.

तिसऱ्या महिन्यात डाव्या मिटची अंगठ्याजवळची शिवण उसवली. जाड दोऱ्याने घातलेले टाके अजून टिकून आहेत, मात्र तिथून वारा किंचित आत येतो. सपाट हँडलच्या सायकलीसाठी मी हीच वस्तू पुन्हा घेईन. खाली वळलेल्या हँडलसाठी वेगळ्या आकाराचे मिट मिळतात, पण ते मी वापरलेले नाहीत.