जांबोटीचा हत्ती, अथणीचा हत्ती: चिंध्यांच्या खेळण्यात काय भरावं?

घरात बाळ यायचं असलं की आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गाठोडी सुटतात. चांगल्या तुकड्यांची वाकळ होते, उरलेल्या चिंध्यांचं मऊ खेळणं शिवायचं ठरतं आणि मग विचारणा सुरू होते. अक्का, कापड कुठलं घेऊ? आत काय भरू? मशीनवर शिवू की हाताने? पूर्वी मी कापडापासून सांगायला सुरुवात करायची. आता आधी दोन गोष्टी विचारते: तुम्ही राहता कुठे, आणि बाळ केवढं आहे?

राहण्याचं का विचारते, तर आपला बेळगाव जिल्हाच तसा आहे. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, जूनमध्ये पाऊस लागला की ऑगस्ट सरेपर्यंत टॉवेलसुद्धा धड वाळत नाही. अथणी, रायबागकडे मात्र पावसाळ्यातही चांगलं ऊन मिळतं. खेळणं मुलाच्या तोंडात जाणार, लाळ लागणार, म्हणजे ते धुवावं लागणारच. आणि धुतलेलं खेळणं नुसतं वरून वाळून चालत नाही, आतून वाळावं लागतं.

हे मी चुकून शिकले. बहिणीच्या नातवासाठी पिंजलेला देशी कापूस गच्च भरून एक हत्ती शिवला आणि जांबोटीला पाठवला. जुलैत त्याच्यावर दूध सांडलं, त्यांनी तो धुतला आणि चुलीजवळ दोरीवर टांगला. चार दिवसांनी हाताला कोरडा लागला म्हणून बाळाला दिला. पुढच्या आठवड्यात कुबट वास यायला लागला. पोट उसवलं तर आत कापसाचे ओले गोळे, आणि अस्तरावर आतून काळे ठिपके. ते बाळ आठवडाभर त्या हत्तीची सोंड चोखत होतं. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून भरणाकडे मी सगळ्यात आधी बघते.

देशी कापूस हाताला सगळ्यात छान लागतो. उन्हाळ्यात थंड, वजनदार, मुलाच्या कुशीत नीट बसणारा. पण तो पाणी पितो, धुतला की गोळे होतात आणि ते गोळे पुन्हा पिंजल्याशिवाय सुटत नाहीत. अथणीकडे किंवा कडक ऊन मिळणाऱ्या गच्चीवर तो जरूर वापरा. मात्र भरण सैल ठेवा आणि धुणं दिवाळीनंतरच्या उन्हात करा.

सावरीचा कापूस खानापूरकडे फुकट मिळू शकतो. चैत्र-वैशाखात बोंडं फुटली की वेचायचा. त्याचा तंतू मेणचट असतो, त्यामुळे पाणी चटकन शोषत नाही. उशीला तो उत्तम. खेळण्याला मात्र मी तो कमी वापरते, कारण विरळ कापडातून तो बाहेर येतो आणि बारीक तंतू नाकात जातो. वापरायचाच असेल तर घट्ट विणीच्या अस्तराची पिशवी शिवून तिच्यात भरा, बिया एकूण एक काढा, आणि दम्याचा त्रास असलेल्या घरात तो नकोच.

बारीक कातरलेल्या चिंध्याच भरल्या तर पैशाचा खर्च नाही. पण खेळणं जड होतं, हाताला गाठी लागतात आणि पाणी मधोमध धरून राहतं. बसत्या बाहुलीच्या बुडाशी मूठभर चिंध्या घातल्या तर ती लवंडत नाही, तेवढाच उपयोग मला पटतो.

राहिलं पॉलिएस्टर फायबर. ते विकत आणावं लागतं आणि शेवटी प्लास्टिकच आहे, हे मलाही आवडत नाही. विस्तवापासून जपावंही लागतं. तरी पावसाच्या पट्ट्यात मी तेच सांगते. तंतू पाणी शोषत नाही, पिळलं की फुगून पुन्हा जागेवर येतं, आणि पंख्याखालीसुद्धा वाळतं. वीतभर उंचीच्या हत्तीला माझ्या हाताने शंभर-सव्वाशे ग्रॅम पुरतं. घरातली जुनी फायबरची उशी फोडून, धुऊन वापरली तर तेवढंही आणायला नको. बेळगाव शहरात राहणाऱ्यांनी आपल्या घराचं ऊन बघावं: वरच्या मजल्यावर, दक्षिणेला गॅलरी असेल तर कापूस, खालच्या मजल्यावर, बंद बोळात असाल तर फायबर.

तांदूळ, मोहरी, थर्माकोलचे मणी मात्र कुठेच भरू नका. धान्याला कीड लागते, आणि शिवण सुटली तर मणी थेट बाळाच्या घशात.

आता कापड. धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी किंवा इरकलचं सुती अंग याला तोड नाही. रंग जायचा तेवढा गेलेला असतो, खळ उरलेली नसते. फक्त पोत विरलेला असतो, म्हणून दोन पदर एकत्र धरून कापा. टेलरकडचं ब्लाउजपीसचं कतरण नवं आणि घट्ट असतं, पण आधी गरम पाण्यात धुवा आणि ओलं असताना पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग उतरला तर ते तुकडे वाकळीला जाऊ देत.

गुळेदगुड्डचा खण सगळ्यांनाच हवा असतो. हत्तीच्या झुलीला तो दिसतो सुंदर, पण कडेचे धागे भराभर सुटतात. अख्खं खेळणं खणाचं करू नका. झुलीला करा, अर्धा इंच माया (शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड) सोडा आणि कडा दुमडून घ्या. कुणाला कशिदा येत असेल तर साध्या सुती झुलीवर गवंती टाका घाला. तो दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, त्यामुळे पोराने झूल उचलून पाहिली तरी खाली दोऱ्यांचा गुंता दिसत नाही.

जुन्या टी-शर्टचं होजिअरी कापड नवशिक्यांना सोपं वाटतं, कारण धागे सुटत नाहीत. पण ते ताणतं. ताण उभा ठेवला तर भरण घातल्यावर सशाची मान लांबते. ताण आडवा ठेवा, म्हणजे पोट गोल होतं.

बाळ तीन वर्षांच्या आतलं असेल तर बटणाचे डोळे नकोत, यात मी तडजोड करत नाही. खेळण्यांतल्या लहान भागांच्या चाचणीत जो नळा वापरतात त्याचं तोंड ३१.७ मिलिमीटर रुंद असतं. त्यात मावणारी वस्तू घशात अडकू शकते असं धरतात, आणि शर्टाचं बटण त्यात सहज मावतं. डोळे भरीव टाक्याने भरा, तेही दोन बाजू जोडण्याआधी, म्हणजे गाठ आत राहते. मोठ्या मुलाला बटणं चालतील.

मशीन की हात, यावर फार डोकं शिणवू नका. पायमशीन असेल तर लांब शिवणी तिच्यावर दोनदा मारा. कान, सोंड, शेपूट हाताने उलट्या टाक्याने जास्त नीट बसतात. नुसता धावदोरा पुरत नाही, पोरं ओढतात. वळणावर मायेला कातरा द्यायला विसरलात तर उलटवल्यावर सोंड चुरगळते.

घरच्या बाळाला द्यायचं असेल तर एवढं बास आहे. विकायचा विचार असेल तर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. म्हणून आधी ती नोंदणी करा, मग ऑर्डर घ्या.

आणि भरण घातल्यावर पोटाखालचं तोंड बंद करताना दोरा वेगळ्या रंगाचा घ्या. मी लाल घेते. पावसाळ्यात कधी भरण काढून वाळवायची वेळ आली तर कुठून उसवायचं हे बाळाच्या आईला विचारावं लागत नाही.