दादरचा फ्लुइड मेकॅनिक्सचा रविवारचा क्लास – नंबर एकदाचे समजले

फ्लुइडची (द्रव-वायू कसे वाहतात तो विषय) केटी लागली, म्हणजे विषय राहिला, म्हणून दादर वेस्टला स्टेशनजवळ एका सरांकडे चार रविवारचा क्लास लावला, फी 3500. मला जड जायचे ते डायमेन्शनलेस (एकक नसलेले) नंबर, कारण कॉलेजात नुसता तक्ता दिलेला, पाठ करा म्हणून, आणि मी पेपरात सपाट प्लेटच्या गणितालाही रेनॉल्ड्स नंबरची 2300 ची मर्यादा लावून आलेलो. सरांनी पहिल्याच दिवशी ते सोडवलं, म्हणाले 2300 हा पाइपचा आकडा, तिथे लांबी म्हणून व्यास धरतो, प्लेटला पुढच्या कडेपासूनचं अंतर धरायचं आणि तिथे साधारण 5 लाखापर्यंत फ्लो लॅमिनार (थराथराने शांत वाहणारा) राहतो.

मग सगळ्यांना बेसिनपाशी नेलं. नळ बारीक सोडला, धार काचेसारखी, लिटरची बाटली भरायला 80 सेकंद. नळाचं तोंड 1 सेंमी, पाणी 30 डिग्रीच्या आसपास, हिशोब केला तर रेनॉल्ड्स येतो साधारण 2000. नळ वाढवला, बाटली 20 सेकंदांत भरली म्हणजे 8000, आणि धार खडबडीत, पांढरट. इनर्शिया (वाहत्या पाण्याचा जोर) भागिले व्हिस्कॉसिटी (त्याचा चिकटपणा) हे तेव्हा खरं कळलं मला, दोघांत कोण जिंकतंय तेवढंच तो नंबर सांगतो. 1883 ला मँचेस्टरमध्ये रेनॉल्ड्सने काचेच्या नळीत रंग सोडून हेच बघितलं होतं.

फ्रूड नंबर तर फारच छान शिकवला. इथे व्हिस्कॉसिटीच्या जागी ग्रॅव्हिटी, म्हणून उघड्या पाण्याला लागतो, पावसात उतारावरनं सुसाट आलेलं पाणी सपाटीला एकदम फुगतं ना, तिथे फ्रूड 1 च्या वरून खाली येतो. माझगाव डॉकला बनतात तसल्या जहाजाचं पंचविसाव्या हिश्श्याचं मॉडेल टाकीत ओढायचं तर वेग पाचपट कमी ठेवायचा, मग लाटांचा विरोध जुळतो, पण त्याच पाण्यात रेनॉल्ड्स मात्र जुळत नाही, तो भाग वेगळा हिशोबाने काढावा लागतो. हे मला कॉलेजात कुणीच सांगितलं नव्हतं!

मॅक नंबर (वेग भागिले आवाजाचा वेग) मात्र दहा मिनिटांत उरकला, 0.3 च्या खाली हवा इनकम्प्रेसिबल (न दबणारी) धरा एवढंच, आणि वेबर नंबर (पृष्ठताणाचा) राहूनच गेला, त्याचं वाईट वाटलं. मागच्या बाकावरून बोर्ड दिसत नाही, बॅच 9 ची आहे, पावणेनऊला जाऊन पुढची जागा धरा.