पऱ्हाटी श्रेडर: यंत्र कामाचं, पण मागून युरियाची गोणी फोडू नका

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, सावनेर, हिंगणा पट्ट्यात कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी (कापसाची उभी वाळकी झाडं) उपटायची, धुऱ्यावर ढीग लावायचा आणि काडी ओढायची, हा जुना रिवाज. त्याला पर्याय म्हणून ट्रॅक्टरवर चालणारं, पऱ्हाटीचा शेतातच भुगा करणारं श्रेडर भाड्याने मिळतं. ‘प्रदूषण थांबतं, कार्बन वाचतो’ असं सांगून ते खपवलं जातं. यंत्र चांगलं आहे. कार्बनचा हिशेब मात्र सांगतात तेवढा सोपा नाही.

आधी यंत्र. ५ फुटी श्रेडरला ४५ एचपीपेक्षा कमी ताकदीचा ट्रॅक्टर लावू नये. पीटीओ (यंत्राला ताकद देणारा ट्रॅक्टरचा मागचा फिरता दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर टिकला पाहिजे. फेऱ्या पडल्या की पाती कापत नाहीत, नुसती ठेचतात, आणि पऱ्हाटीची साल अंबाडीसारखी चिवट असल्याने रोटरला (पाती बसवलेल्या फिरत्या दांड्याला) गुंडाळते. मग बेल्ट घसरतो, जळका वास येतो. इंजिन बंद करून साल विळ्याने कापून काढणं हाच उपाय. दव असताना हे हमखास होतं, म्हणून दहा-अकरानंतरच सुरू करा. पातं तुटलं तर समोरचंही बदला. एकच बदललं की रोटरचा तोल जातो, थरथर वाढते आणि बेअरिंग जातं.

कापणीची उंची ५ ते ७ सेंटिमीटर. त्याखाली पाती माती आणि गोटे खातात. त्यावर तिरपे, टोकदार खुंट राहतात, आणि ते टायरमध्ये घुसतात (पंक्चरचा खर्च कुणी भाड्यात धरत नाही). भाडं एकराने ठरलं असेल तर चालक घाई करतो. पैसे देण्याआधी शेतात फिरून दोन-तीन ठिकाणचा मूठभर भुगा उचला. चार बोटांपेक्षा लांब तुकडे बरेच दिसले तर आडवा फेरा मारायला लावा.

मुळं जमिनीतच राहतात, हा मोठा उणा भाग. ओल असली की खुंट फुटतात आणि गुलाबी बोंडअळीला फरदडीसारखंच (हंगाम संपल्यावरही राखलेल्या कापसासारखंच) खाद्य मिळतं. त्यामुळे पाठोपाठ नांगरट हवीच.

आता हिशेब. १ टन वाळकी पऱ्हाटी सगळी जळाली, तर आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) गुणकांनुसार सुमारे २.७ किलो मिथेन आणि ७० ग्रॅम नायट्रस ऑक्साइड निघतो. तेवढीच उष्णता धरणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत ते ९० किलोच्या आसपास. धुरातला कार्बन डायऑक्साइड यात धरत नाहीत, कारण झाडाने तो त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. एकरी टनभर पऱ्हाटी आणि श्रेडरला एकरी ५ लिटर डिझेल धरलं तर १३ किलो तिथेच वजा. भुगा मातीत कुजतानाही थोडा नायट्रस ऑक्साइड निघतो, म्हणजे बचत आणखी घटते.

खरी गोम पुढे आहे. पऱ्हाटीत कर्ब जास्त, नत्र कमी. ती कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात, पुढचं पीक पिवळं पडतं आणि शेतकरी युरियाची जादा गोणी टाकतो. ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र. त्यातलं १ टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात गेलं, असा सर्वसाधारण गुणक लावला तरी कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत ८९ किलो होतात. युरियाचं मातीत विघटन होताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड ३३ किलो. एकूण १२२, तेही कारखान्यातला खर्च सोडून. एकरी टनभर पऱ्हाटी न जाळता जे वाचवलं, ते एका गोणीत संपलं, वर उधारी.

म्हणून भुगा जानेवारीतच, ओल असताना मातीत मिसळा, सोबत शेणखत आणि ट्रायकोडर्मा (काडीकचरा कुजवणारी बुरशी) द्या. जूनपर्यंत बराच कुजतो. युरिया द्यायचाच तर एकरी ८-१० किलो, तोही कुजवण्यापुरता. १० किलोला २७ किलो उत्सर्जन पडतं. मे महिन्यात श्रेडर फिरवून लगेच पेरणी करणाऱ्यांना हे जमणार नाही, त्यांनी पऱ्हाटी उपटून ब्रिकेटवाल्याला (दाबून जळणाच्या कांड्या करणाऱ्याला) विकलेली बरी. सिरकॉटच्या (केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या) नागपुरातील जिनिंग प्रशिक्षण केंद्रात पऱ्हाटीच्या ब्रिकेट-पेलेटवर काम झालेलं आहे, तिथे चौकशी करता येते.

भारी काळ्या जमिनीत, जानेवारीत, नांगरटीची सोय हाताशी असेल तर श्रेडरला ५ पैकी ४ गुण. मुरमाड, गोट्यांच्या बरड (हलक्या) जमिनीवर २. तिथे पात्यांचाच खर्च भाड्याला गाठतो.