नाशिकच्या उन्हाळ्यात रिवाट्यूनर : ग्राफिक्स कार्डाचा भार उतरवणारे एक मोफत साधन

एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास पोहोचला, की सिडको किंवा इंदिरानगर भागातल्या स्लॅबच्या घरांत संगणकावर खेळणाऱ्यांची ठरलेली तक्रार सुरू होते : ग्राफिक्स कार्ड तापते, पंखे घोंघावतात आणि संध्याकाळनंतर निवू लागलेली खोली पुन्हा गरम होते. दुकानात विचारल्यास जादा पंखे, हवेशीर कॅबिनेट किंवा नवी थर्मल पेस्ट असे उपाय सुचवले जातात. ते चुकीचे नाहीत. पण त्यांपैकी कशावरही पैसे खर्च करण्यापूर्वी ‘रिवाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर’ वापरून पाहावे, असे माझे ठाम मत आहे. अलेक्सी निकोलायचुक यांनी विकसित केलेले हे सॉफ्टवेअर ‘एमएसआय आफ्टरबर्नर’ या ग्राफिक्स कार्ड हाताळण्याच्या सॉफ्टवेअरसोबत मोफत मिळते. बहुतेक जण ते पडद्याच्या कोपऱ्यात एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रे) तयार होतात याचा, आकडा पाहण्यासाठी घेतात. त्याचे खरे मोल मात्र फ्रेमवर मर्यादा घालण्यात आहे.

कोणतेही बंधन नसलेले कार्ड शक्य तितक्या फ्रेम तयार करत राहते. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर तो सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. कार्डाने १४० फ्रेम तयार केल्या, तरी वरच्या ८० फ्रेमसाठी झालेल्या कामाचा बहुतांश भाग पूर्ण चित्राच्या रूपाने डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही, उष्णता मात्र पूर्ण निर्माण होते. गेमचा साधा मेनू तर कार्डासाठी सर्वांत फसवा, कारण तिथे चित्र सोपे असल्याने फ्रेमची संख्या भलतीच वाढू शकते. ‘स्टारक्राफ्ट २’ हा गेम २०१० साली आला, तेव्हा अशाच मेनूंमुळे कार्डे तापत असल्याच्या तक्रारींनंतर तो बनवणाऱ्या ब्लिझार्डने फ्रेमची मर्यादा हाताने लिहून घालण्याचा उपाय सांगितला होता. २०२१ साली ‘न्यू वर्ल्ड’ या गेमच्या चाचणी आवृत्तीतही काही महागडी कार्डे बंद पडल्यावर मेनूतील फ्रेमवर बंधन घालण्यात आले. त्या कार्डांत जोडणीचा दोष आढळला हे खरे, पण अनावर भारामुळे असे दोष लवकर उघडे पडतात.

मर्यादा घातली, की प्रत्येक फ्रेमनंतर कार्डाला उसंत मिळते, त्याचा क्लॉक (कामाचा वेग) उतरतो आणि त्यासोबत व्होल्टेजही. विजेचा वापर व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात बदलत असल्यामुळे हा फरक अपेक्षेपेक्षा मोठा पडतो. वीजबिलात मोठी बचत होईल, अशी आशा मात्र धरू नये. कार्डाचा वापर ६० वॅटने घटला आणि रोज तीन तास खेळणे झाले, तर महिन्याला साधारण साडेपाच युनिट वाचतात. खरा लाभ खोलीतील उष्णतेचा आणि पंख्यांच्या आवाजाचा आहे, आणि तो पहिल्याच संध्याकाळी जाणवतो.

फ्रेमची मर्यादा घालण्याची सोय इतरत्रही आहे. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ती जानेवारी २०२० पासून आहे, एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये त्याही आधीपासून, आणि अनेक गेमच्या सेटिंगमध्येही असते. तरीही मी रिवाट्यूनरला पसंती देतो, कारण त्याची नियमितता. सेकंदाला ६० फ्रेम याचा अर्थ प्रत्येक फ्रेममध्ये १६.६७ मिलिसेकंदांचे अंतर. परंतु एक फ्रेम १० आणि पुढची २३ मिलिसेकंदांनी आली, तरी सरासरी साठच्या घरातच दिसते आणि डोळ्यांना मात्र झटके जाणवतात. रिवाट्यूनरमध्ये फ्रेम टाइमचा (दोन फ्रेममधील अंतराचा) आलेख लावून पाहिल्यास ही रेषा जवळजवळ सपाट राहते. शांतपणे कॅमेरा फिरवत जग पाहायच्या गेममध्ये हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

वापर सोपा आहे. डाव्या यादीत गेमची फाइल जोडावी, फ्रेमरेट लिमिटच्या चौकटीत आकडा लिहावा. शून्य म्हणजे मर्यादा नाही. सर्व गेमना एकच आकडा लावण्यापेक्षा प्रत्येकाला वेगळा लावावा. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असून जी-सिंक किंवा फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) चालू असेल, तर आकडा किमान तीनने कमी, म्हणजे १४१ ठेवावा.

उणिवाही आहेत. गेमच्या स्वतःच्या मर्यादेच्या तुलनेत रिवाट्यूनरमुळे माउसच्या प्रतिसादाला किंचित उशीर होतो, त्यामुळे चुरशीच्या नेमबाजीच्या गेममध्ये गेममधलीच मर्यादा किंवा हा उशीर कमी करणारे एनव्हिडिया रिफ्लेक्स वापरावे. काही ऑनलाइन गेमची अँटी-चीट (फसवणूक रोखणारी) यंत्रणा अशा सॉफ्टवेअरला अडवते. प्रोसेसरच कमी पडून फ्रेम आधीच मर्यादेखाली असतील, तर कार्डाचा भार यामुळे उतरणार नाही. शिवाय आफ्टरबर्नरच्या नावाने घातक फाइल देणारी बनावट संकेतस्थळे निघालेली आहेत. म्हणून एमएसआय किंवा गुरू३डी यांच्याच संकेतस्थळावरून ते घ्यावे.

ज्यांच्या कार्डाला अवजड गेममध्ये ६० फ्रेम झेपत नाहीत, पण मॉनिटर १२० हर्ट्झचा आहे, त्यांनी ४० हा आकडा जरूर लावून पाहावा. प्रत्येक फ्रेम बरोबर तीन रिफ्रेश (मॉनिटरने चित्र बदलण्याच्या फेऱ्या) टिकते आणि २५ मिलिसेकंदांचे अंतर ३० व ६० फ्रेमच्या अंतरांच्या नेमके मध्यावर येते; त्यामुळे हालचाल ३० पेक्षा स्पष्टपणे सुधारते आणि कार्डही पूर्ण क्षमतेला टेकत नाही.