शास्त्रीय संगीताच्या संग्रहासाठी ‘स्ट्रॉबेरी’

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांत कॅसेटवरून संगणकात उतरवलेल्या मैफली अजूनही जपलेल्या आढळतात. मात्र ‘ट्रॅक ०१’ अशा नावांच्या ढीगभर फायलींतून हवा तो हमीर राग शोधून काढणे जिकिरीचे असते. या कामासाठी ‘स्ट्रॉबेरी’ हा मुक्तस्रोत प्लेअर मला सर्वांत उपयुक्त वाटला. ‘अमारोक’ या जुन्या प्लेअरच्या १.४ आवृत्तीच्या धर्तीवर ‘क्लेमेंटाइन’ हा प्लेअर तयार झाला आणि त्याची शाखा म्हणून २०१८ मध्ये ‘स्ट्रॉबेरी’ आला.

याचे खरे बळ टॅग-संपादनात, म्हणजे फायलीत साठवलेली गाण्याची माहिती बदलण्यात आहे. अनेक फायली एकत्र निवडून कलाकार, अल्बम आणि वर्ष एकदाच भरता येते, तेही देवनागरीत. रागासाठी स्वतंत्र रकाना नाही, ही उणीव मात्र खटकते. मी रागाचे नाव ‘ग्रूपिंग’च्या रकान्यात लिहितो आणि संग्रहाची मांडणी आधी ग्रूपिंग, मग कलाकार अशी ठेवतो, त्यामुळे ‘यमन’ उघडताच ग्वाल्हेर, आग्रा, किराणा अशा निरनिराळ्या घराण्यांचे गायक एकाखाली एक दिसतात. विलंबित आणि द्रुत ख्याल वेगवेगळ्या फायलींत असले, तरी मध्ये खंड न पाडता वाजवण्याची सोय आहे. समेवर आलेले गाणे तुटत नाही.

म्युझिकब्रेन्झ या संगीतविषयक ऑनलाइन माहितीकोशावरून माहिती आपोआप मिळते, पण घरगुती ध्वनिमुद्रणांना तिचा उपयोग नाही. पडदा सुरुवातीला गजबजलेला वाटतो. लिनक्सवर मात्र हा प्लेअर विनामूल्य आणि सहज बसवता येतो.